इसबगोल उपासाला चालते का?

गुदद्वार हा शब्द ऐकला की आपल्या मराठी माणसाचा चेहरा असा होतो, जणू देवाने हा अवयव त्याला सोडून बाकी सगळ्यांना दिला आहे. म्हणून पहिल्याच ओळीत उच्चारून टाकला. ज्याला वाचायचं नसेल त्यानं इथंच थांबावं, बायकोनं विचारलं तर 'काही नाही, असंच' म्हणावं आणि आपली कळ आपण सोसत बसावं. पण मला माहीत आहे, तो वाचणार. ज्यांना कळ आहे ते सगळेच वाचणार.

मला फिशर झालं होतं. मूळव्याध नाही, फिशर. मूळव्याधीत त्या जागच्या शिरा फुगतात. फिशरमध्ये त्या जागच्या नाजूक कातडीला चीर जाते. दोन्हीत रक्त दिसतं म्हणून लोक दोन्हीला एकच म्हणतात. हा फरक मी मागच्या पावसाळ्यात अख्ख्या कोहक्याला, म्हणजे भिलाईतल्या आमच्या वस्तीला, समजावला आणि एकाही शहाण्याला तो पटला नाही. आमच्याकडे भिंतीभिंतीवर 'बवासीर-भगंदर का शर्तिया इलाज' रंगवलेलं असतं. फिशरचं नाव कुठंच नसतं. ज्याची भिंतीवर जाहिरात नाही, तो रोग लोक मानत नाहीत.

मी क्रेन चालवतो. इंडस्ट्रियल एरियातली एक रोलिंग मिल आहे, नाव सांगत नाही कारण नोकरी अजून शाबूत आहे. साठ फूट वर छपराला लागून माझी केबिन. खाली लालभडक लोखंड, वर मी. केबिनमध्ये एक खुर्ची, दोन लिव्हर, गरम हवा इकडची तिकडे करणारा एक पंखा आणि एक वॉकीटॉकी. जे नाही ते म्हणजे मोरी. लघवीला जायचं तर शिडी उतरा, यार्ड ओलांडा, परत या, शिडी चढा. तोवर खालचं काम बंद आणि फोरमनचं तोंड सुरू. म्हणून क्रेनवर नवा माणूस आला की उस्ताद त्याला लिव्हर नंतर शिकवतो, पाणी न पिणं आधी. मी हे शिक्षण फार मन लावून घेतलं होतं. आठ तासांत घोटभर पाणी. डब्यात भाकर, ठेचा आणि तेलात पोहणारं वांगं. कळ आली की दाबायची, कारण हुकाला लोखंड लटकलेलं. मिलने माझी पाठ थोपटली, 'बोरकुटे कभी नीचे नहीं उतरता.' आतड्यांनी काय केलं ते मिलला दिसत नव्हतं.

मग एका सकाळी संडासात माझ्या तोंडून जो आवाज निघाला, तो ऐकून शेजारच्या श्यामरावांनी त्यांच्या गच्चीवरून विचारलं, "धनूभाऊ, पाल पडली का अंगावर?"

मी म्हटलं, "हो, पाल."

काच गिळली असती तर निघताना असंच वाटलं असतं. आणि ते तिथं संपत नाही. पुढचे दोन तास माणूस तव्यावर बसल्यासारखा असतो. त्या तव्यावर बसून मी शिफ्ट काढली.

दुर्गच्या दवाखान्यात गेलो तर सर्जन निघाली बाई. डॉक्टर उत्कर्षा. मी पांढऱ्या केसांचा एखादा बुजुर्ग धरून चाललो होतो. ही आमच्या पोरीपेक्षा, सोनलपेक्षा, आठ-दहा वर्षांनी मोठी असेल.

"लाजू नका काका," ती म्हणाली. "मी दिवसभर हेच बघते."

"तुमी पाहता," मी म्हटलं, "मी दिवसभर हे दाखवत नाई ना."

ती हसली, तपासलं, आणि कागदावर एक गोल काढून त्याला छेद दिला. "शौच कडक, म्हणून चीर. चीर दुखते म्हणून तुम्ही दाबून धरता. दाबलं की आणखी कडक. कडक झालं की चीर पुन्हा उसवते. वरून आतला स्नायू दुखण्यानं आवळून बसतो, तिथं रक्त पोचत नाही, मग चीर भरणार कशी?"

"म्हणजे हेअरलाइन क्रॅक," मी म्हटलं. "वेल्डिंग नाई होत याचं?"

"वेल्डिंग नाही होत. लोड कमी करावा लागतो."

ही बाई मला तिथंच पटली. तिनं लिहून दिलं: लावायला मलम, रात्री इसबगोल, दिवसभर भरपूर पाणी, भाजीपाला-फळं, दोन वेळा कोमट पाण्याच्या टबात बसणं, आणि कळ आली की जाणं. "सहा आठवडे बघू. बहुतेकांची एवढ्यात भरते. नाही भरली तर छोटंसं ऑपरेशन."

सर्जनचं 'छोटंसं' म्हणजे सावकाराचं 'थोडंसं'. ऑपरेशन म्हणजे रजा, आणि रजा म्हणजे बबलू. बबलू हा आमचा फोरमन दयाराम याचा साळा. गुटखा खाऊन लोड असा झुलवतो की खालचे लोक भिंतीला चिकटून उभे राहतात. पण मेहुण्याचा लाडका. एकदा का तो माझ्या खुर्चीवर टेकला की त्याला उठवायला दुसरी क्रेन लावावी लागली असती. हिशेब साधा होता. सहा आठवड्यांत माझी चीर मिटणार, नाहीतर माझी खुर्ची बबलूच्या बुडाखाली जाणार. आणि तोवर कोणाला कळता कामा नये, कारण दयारामला कळलं तर तो सहा आठवडेसुद्धा थांबणार नाही.

घरी फक्त बायकोला, रमेला, सांगितलं. "कोनाले सांगू नको."

"मी कायले सांगू?" ती म्हणाली.

आणि खरंच तिनं कोणा माणसाला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी भिलाई-३ ची बस धरून देवबळोद्याला गेली आणि महादेवाला सांगून आली.

"नवस बोलली मी," आल्या आल्या पदरानं घाम पुसत म्हणाली. "पूरा श्रावण तुमचा उपास. अन्नाचा कन नाई."

"माहा उपास? नवस तर तुनं बोलला ना?"

"दुखनं कोनाचं हाय?"

या युक्तिवादाला सुप्रीम कोर्टातही उत्तर नसावं. मी तोंड उघडलं तर ती हळूच म्हणाली, "मीबी धरून राहिली ना तुमच्यासंगं." झालं. बायको उपाशी आणि नवरा वांगं खातो, हे दृश्य आपल्यात कोणाला गिळता येत नाही.

पण श्रावण कोणता? आपला मराठी माणूस महाराष्ट्रात राहतो तेव्हा त्याला एकच श्रावण असतो. आम्ही छत्तीसगडात राहतो. इथल्या हिंदी लोकांचा सावन गुरुपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी लागतो. आपला श्रावण त्याच्यानंतर पंधरा दिवसांनी, अमावस्या उलटल्यावर. देवळातल्या पंडितानं सांगितलं, सावन उद्यापासून. रमेच्या आईनं वर्ध्याहून फोनवर सांगितलं, "त्यायचा सावन त्यायच्या देवाले. आपला श्रावण आपल्यालेच." रमेनं रात्रभर विचार केला आणि सकाळी निकाल दिला.

"दोन्ही धरू."

"दोन्ही?"

"देऊळ त्यायचं, मान्सं आपली. महादेव कोनता धरते काय मालूम? त्यायच्या सावनाच्या पयल्या दिवसापासून आपल्या पोळ्यापर्यंत."

दीड महिना. म्हणजे डॉक्टरीणबाईचे सहा आठवडे, बरोब्बर. एकीकडे सर्जन मला सहा आठवडे भाजीपाला खायला सांगत होती, आणि त्याच सहा आठवड्यांत महादेवानं मला साबुदाण्याला बांधून टाकलं.

साबुदाण्याबद्दल मी आता शिव्या न देता बोलूच शकत नाही. उपास म्हणजे पोटाला विश्रांती, असं आपण लहानपणापासून ऐकतो. मग त्या विश्रांतीसाठी सकाळी खिचडी, दुपारी बटाट्याचा कीस, रात्री साबुदाण्याचे वडे आणि शेंगदाण्याची आमटी. हे सगळं पोटात जाऊन जे करतं त्याला विश्रांती म्हणायचं तर भर रस्त्यात फसलेल्या ट्रकलाही पार्किंग म्हणावं लागेल. त्यात चोथा नावाला नाही. डिंक आहे नुसता. पहिल्या आठवड्यातच माझ्या आतलं दळणवळण ठप्प झालं.

टबाचं वेगळंच. भिलाईच्या पॉवर हाऊस बाजारात दुकानदारानं विचारलं, "बच्चा कितने महीने का है?" मी म्हटलं, "बावन साल का." त्याला विनोद वाटला आणि त्यानं गुलाबी टब दिला, वर बदकं छापलेली. आमची मोरी एवढीशी. टब ठेवला की दार लागत नाही, दार लावलं की टब मावत नाही. मग दारावर चादर टांगून मी कोमट पाण्यात बसलो. बसलो ते बरं वाटलं, हे कबूल करतो. त्या आवळलेल्या स्नायूला कोणीतरी 'सोड बाबा' म्हटल्यासारखं. उठायला गेलो तर टब माझ्यासोबत उठला. रमेनं टब धरला, सोनलनं डोळे मिटून माझे हात धरले.

"बाबा, आप ज़ोर मत लगाओ," सोनल म्हणाली. "मम्मी, पानी डाल साइड से!"

"चादर धर आधी!" मी ओरडलो.

"पकड़ी है बाबा, और आँखें बंद हैं. कसम से."

सुटलो. वडील या शब्दाला घरात जी काही किंमत होती ती त्या टबात राहिली.

आता इसबगोल. डबा आणून ठेवला होता, पण रमेनं त्याच्या मागची बारीक अक्षरं वाचली आणि 'भुशी' या शब्दावर अडकली. भुशी म्हणजे कोंडा. कोंडा म्हणजे धान्य. धान्य उपासाला चालत नाही.

"डॉक्टरनं लिहून देल्लं रमे."

"डॉक्टरनं नवस बोलला का?"

शंका खरी होती, हे ती मला अजून सांगते. आणि शंका आली की आपल्यातली बाई काय करते? कोहक्यातल्या मराठी बायकांचा मोबाइलवर एक ग्रुप आहे, 'मायमराठी भगिनी'. त्यावर तिनं लिहिलं: 'इसबगोल उपासाला चालते का?'

या प्रश्नावर त्या दिवशी कोहक्यात जेवढी चर्चा झाली तेवढी पाणी दोन दिवस येत नव्हतं तेव्हाही झाली नव्हती. एकीनं लिहिलं, ते बी आहे, धान्य नाही, चालते. दुसरी म्हणाली, मग तीळ बी बीच आहे, ते कुठं चालते? तिसरीच्या सासरी अमरावतीला भेंडी चालते, म्हणून तिला सगळंच चालते. चौथीनं भगरीचा फोटो टाकला, कशासाठी ते देव जाणे. शेवटी ग्रुपमधल्या सगळ्यात वडील रंभाताई, ज्यांच्या शब्दावर आमच्या भागातल्या हरतालिका आणि मंगळागौरी चालतात, त्यांनी निवाडा दिला: 'दुधासोबत घेतलं तर चालते. पाण्यासोबत घेतलं तर ते औषध झालं.' असं का, ते कोणी विचारलं नाही.

आणि मग त्यांनीच साधेपणानं विचारलं: 'पण कोणाला लागते गं?'

रमा खोटं बोलत नाही. तिनं लिहिलं: 'यांना.'

संध्याकाळी श्यामराव आले. श्यामराव रेल्वेतले रिटायर्ड गार्ड. मालगाडीच्या शेवटच्या डब्यात उभी हयात काढली, त्यामुळे त्यांना सगळ्या गोष्टी मागून दिसतात. आले ते हातात दोन किलोचा जिमीकांदा, म्हणजे आपलं सुरण, घेऊन.

"धनूभाऊ, मूळव्याध झाली अन् सांगतलं नाई?"

"मूळव्याध नाई श्यामराव, फिशर."

"तेच ते."

"तेच नाई. हे चीर हाय."

"चीर असो का कोंब असो, सुरन खाल्लं का सगडं गायब. अन् सुरन उपासाले चालते!" हे त्यांनी रमेकडे पाहून सांगितलं, आणि माझा निकाल लागला.

छत्तीसगडी लोक जिमीकांदा खातात, पण तो आंबट घालून रांधतात; नाहीतर घसा असा खाजतो की माणूस जीभ काढून घासायला बघतो. आंबट म्हणजे चिंच, आणि चिंच, रंभाताईंच्या म्हणण्याप्रमाणे, उपासाला चालत नाही. रमेनं तो नुसता मिठाच्या पाण्यात उकडला. दोन घास खाल्ले आणि माझा घसा पेटला. खाली आग, वर खाज. मधल्या भागात तेवढी शांतता होती, कारण तिथं साबुदाणा अडून बसला होता.

"लागू पडून राहिलं," श्यामराव समाधानानं म्हणाले.

इसबगोल मात्र मंजूर झालं. निवाड्याप्रमाणे दुधासोबत, म्हणजे अर्धा कप दुधात घट्ट कालवून. आणि वरून पाणी? पाणी मी पीत नव्हतो, कारण क्रेन. आता ज्याला सिमेंट कालवायचा अनुभव आहे त्याला पुढचं सांगायची गरज नाही. इसबगोल पाणी शोषून फुगतं, लुसलुशीत होतं आणि वाट मोकळी करतं. पण पाणीच नसेल तर ते जिथं आहे तिथं बसून घट्ट होतं. चौथ्या दिवशी सकाळी जे झालं ते मी लिहिणार नाही. एवढंच सांगतो की श्यामरावांनी गच्चीवरून पालीचं नाव काढलं नाही. त्यांनी "हर हर महादेव" म्हटलं.

परत दुर्ग. या वेळी रमा सोबत आली, नवसाची वकील म्हणून. डॉक्टर उत्कर्षांनी तपासलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "काका, ही तर आणखी उसवली. काय खाताय?"

"साबुदाणा."

"उपासाच्या दिवशी?"

"रोजच उपास हाय."

"का?"

"श्रावण."

"श्रावण तर आपला परवा लागला!"

"आमी दोन्ही धरले ना," रमा म्हणाली.

डॉक्टरीणबाईनं पेन खाली ठेवलं. मला वाटलं आता ही बाई आमच्या महादेवाचा उद्धार करते. ती करती तर रमेनं तिथून मला उचलून नेलं असतं आणि आज माझी चीर कुठवर गेली असती कोण जाणे. पण ती रमेला म्हणाली, "काकू, मोडू नका उपास. मला सांगा, पपई चालते?"

"चालते."

"रताळं? सालासकट?"

"चालते."

"राजगिरा, भगर, काकडी, अंजीर, पेरू?"

"चालते. सगडं चालते."

"मग साबुदाणा कशाला?"

रमा विचारात पडली. आयुष्यात पहिल्यांदा तिला कोणीतरी हा प्रश्न विचारला होता. "साबुदाना..." ती म्हणाली, "साबुदाना तर खातेतच ना."

"या श्रावणात नका खाऊ. आणि पाणी उपासाला चालतं ना?"

"पान्याले कोन नाई म्हनते!"

"मग काकांना दिवसातून तीन लिटर पाजा. इसबगोल मोठ्या पेल्यात पाण्यातच. दूध नंतर प्या हवं तर. पाण्याशिवाय हे सगळं फुकट. आणि काका, कळ दाबायची नाही. दाबलीत तर पुढच्या वेळी मी तारीखच देते ऑपरेशनची."

महादेवाशी तडजोड अशी पाच मिनिटांत झाली. दयारामशी व्हायची होती.

दुसऱ्या दिवशी मी दोन मोठ्या बाटल्या घेऊन क्रेनवर चढलो. पाणी प्यालो. आता पाणी हे काही वर लटकून राहत नाही. पहिल्यांदा उतरलो तेव्हा दयाराम नुसता बघत राहिला. दुसऱ्यांदा त्यानं घड्याळ दाखवलं. तिसऱ्यांदा पोटातून खरी हाक आली, पपईची, साबुदाण्याचा सगळा अडसर ढकलत येणारी. इतक्या दिवसांनी आलेली हाक दाबायची म्हणजे ऑपरेशनची तारीख घ्यायची. मी लोड नीट खाली टेकवला, हूक सोडवायला लावला, लिव्हर बंद केले आणि उठलो.

वॉकीटॉकी खरखरला. "बोरकुटे! फिर नीचे? तीसरी बार है! क्या तकलीफ है तेरे को?"

आमचा चॅनल एकच. दोन क्रेना, भट्टी, कटिंग, यार्ड, सगळे त्याच्यावर. आणि कंट्रोल केबिनमध्ये मोठा स्पीकर, तिथं त्या दिवशी रायपूरहून आलेले सेफ्टीचे एक साहेब चहा पीत बसले होते, हे मला माहीत नव्हतं. माहीत असतं तरी काही फरक पडला नसता. इतके दिवस आग सोसून, टबातून ओढला जाऊन, जिमीकांद्यानं घसा खाजवून माझ्यात लाज नावाचं काही उरलंच नव्हतं. राग तेवढा होता.

"तकलीफ पूछते हो ना साहब?" मी बटण दाबून म्हटलं. "तो सुनो. मेरे गुदाद्वार में चीरा है. बवासीर नहीं, चीरा. काहे से हुआ? इतने साल इस डिब्बे में बैठ के पानी नहीं पिया, काहे से कि मूतने की जगह साठ फुट नीचे है. डॉक्टर बोली पानी पियो, पी रहा हूँ. डॉक्टर बोली रोको मत, नहीं रोकूँगा. अब मैं उतर रहा हूँ. लोड ज़मीन पे है. जिसको ऐतराज है वो शिडी के नीचे खड़ा रहे, आगे की जिम्मेदारी मेरी नहीं."

मिलमध्ये लोखंड कापायचं थांबलं. शिडीखाली कोणी उभं नव्हतं. मी आजवर एवढ्या मोकळ्या वाटेनं कधी उतरलो नाही.

परत आलो, आणि सांगतो, हलका होऊन आलो, तर कंट्रोल केबिनमध्ये सेफ्टीवाले साहेब दयारामला विचारत होते, "ऑपरेटर को उतरना पड़े तो रिलीवर कौन है?" दयाराम छताकडे बघत होता. रिलीवर कधी नव्हताच. पण साहेबापुढे 'नाही' म्हणायची सोय नव्हती, म्हणून त्यानं जे नाव तोंडात आलं ते घेतलं. "बबलू है ना, सर."

जिच्यासाठी हे सगळं सोसलं ती खुर्ची वाचवायची तर ती दिवसातून तीनदा बबलूला द्यावी लागणार होती. मी दिली. साहेबापुढे अट घातली की गुटखा वर आणायचा नाही आणि पहिला महिनाभर माझ्या हाताखाली शिकायचं. बबलू शिकायला लागला. मला हे लिहिताना त्रास होतो, पण त्याचा हात वाईट नाही. त्याला कोणी नीट शिकवलंच नव्हतं. आणि अर्ध्या तासापेक्षा जास्त त्याला त्या भट्टीसारख्या केबिनमध्ये बसवत नव्हतं. माझ्या ज्या खुर्चीवर त्याचा डोळा आहे असं मी धरून चाललो होतो, ती खुर्ची त्याला तीन दिवसांत नकोशी झाली. "जीजाजी को बोलो ना भैया," तो म्हणाला, "मेरे को यार्ड में ही रहने दे."

मग सुरू झाली गंमत. ज्या केबिनमध्ये कधी कोणी चढत नव्हतं तिथं एकेक जण चढायला लागला. कटिंगवाला आला, ग्रीस तपासायला म्हणून, ग्रीस न तपासता कानाशी म्हणाला, "दादा, मलम का नाम?" भट्टीवाला आला. कॅन्टीनवाला आला. प्रत्येक जण आधी "मेरे एक दोस्त को" म्हणायचा. मी विचारायचो, "दोस्त पानी कितना पीता है?" आणि पाच मिनिटांत तो दोस्त गायब व्हायचा. एक दिवस शिडी फार वेळ करकरत राहिली. दयाराम. दहा वर्षांत पहिल्यांदा वर चढला होता. धापा टाकत बसायला गेला, टेकला आणि तसाच परत उठला. त्याला काही विचारावं लागलं नाही. मी दुर्गच्या दवाखान्याचा नंबर दिला.

पोळ्याच्या आदल्या दिवशी सहा आठवडे भरले. दवाखान्यात तपासून डॉक्टर उत्कर्षा म्हणाल्या, "भरली काका. छान भरली. ऑपरेशन रद्द. पण पाणी चालू ठेवा."

मी खुशीत उठलो. रमा उठली नाही.

"चाल ना," मी म्हटलं.

"तुमी बाहेर बसा जरासे," ती म्हणाली.

"कावून?"

"तुमचं झालं ना. आता माहं."

मला कळेना. ती माझ्याकडे न बघता डॉक्टरीणबाईला म्हणाली, "सोनलच्या वेळचं हाय. बाळंतपनापासून. येते, जाते. कोनाले सांगणार?"

सोनल आता कॉलेजात आहे. मी त्या बाईशेजारी एवढी वर्षं जेवलो, झोपलो, भांडलो. तिनं कधी पाल पडल्याचंही सोंग केलं नाही. साठ फुटांवरून अख्ख्या मिलला सुनावणारं माझं तोंड उचललं आणि बाहेर येऊन उभा राहिलो.

थोड्या वेळानं ती आली. काउंटरवर नवीन पेशंटची नोंद करायची होती. बाकावर ओळीनं माणसं बसलेली, बाया, बुवा, पोरं. काउंटरवरच्या मुलीनं मोठ्यानं विचारलं, "नाम बताइए. और तकलीफ क्या लिखूँ?"

सवयीनं मी पुढं वाकलो, तिच्या कानात काहीतरी झाकलं-पाकलं सांगायला. रमेनं कोपरानं मला बाजूला सारलं. आणि ज्या आवाजात ती दुसऱ्या मजल्यावरून गल्लीच्या टोकाचा भाजीवाला थांबवते, त्या आवाजात म्हणाली, "रमा धनंजय बोरकुटे. गुदाद्वार में चीरा. लिखो."

अख्खा बाक वळला. कोणी मोबाइल खाली केला, कोणी लेकराचा कान झाकला. मी मान खाली घालायला गेलो आणि घातली नाही.

बाकाच्या टोकाला एक म्हातारी होती, खेड्यातून आलेली, हातभर काचेच्या बांगड्या, सुनेनं दंडाला धरून आणलेली. सून तिला मघापासून हळूच 'पेटपीरा बताबे, पेटपीरा', पोटदुखी सांग, म्हणून शिकवत होती. म्हातारीनं सुनेचा हात झटकला. रमेकडे बघितलं.

"मोला घलो हावय, नोनी," ती म्हणाली. मलाही आहे गं पोरी. "अडबड पिराथे." फार दुखतं.

आणि सरकून तिनं बाकावर जागा केली. रमा बसली. दोघींचं डोक्याला डोकं लागलं, एकीचं वऱ्हाडी, दुसरीचं छत्तीसगडी, हातवारे करून सगळं उघड्यावर सुरू झालं. सून उठून लाजत कोपऱ्यात गेली. मला त्या बाकावर जागा उरली नाही.